बारीक पिनेचा जॅक

“बसलं म्हणजे जुळलं नव्हे.”

हे चिमटाबाईचं म्हणणं. कुणी नवी चप्पल घालून आलं तरी म्हणते, कुणी मुलीसाठी स्थळ आल्याचं सांगत आलं तरी म्हणते. मुलाची उंची, शिक्षण, नोकरी कसं सगळं चपखल बसतंय हे समोरचा रंगवून सांगत असतो. ही हातातल्या कामावरची नजर न काढता म्हणते, “बसलं म्हणजे जुळलं नव्हे. थोडं थांबा.” ज्यांचं पुढं छान जुळलं त्यांनी तिला वेड्यात काढलं. ज्यांचं बिनसलं त्यांनी तिची जीभ काळी ठरवली. तिला दोन्हीचं सोयरसुतक नाही.

तिचा नवरा एकदा तिला म्हणाला, “मग आपलं काय गं? बसलं का जुळलं?”

ती म्हणाली, “आपलं बसलंच नाही कधी. म्हणून टिकलं.”

ती लॅपटॉप, रेडिओ, चार्जर, जे बिघडेल ते दुरुस्त करते. नवरा केस कापतो. दोघांचं दुकान एकच, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडं साबणाचा आणि पावडरचा वास, पलीकडं राळेचा आणि तापलेल्या कथलाचा. केसाचे तुकडे उडून तिच्या टेबलावर गेले की भांडण ठरलेलं. “तुमचे केस माझ्या बोर्डावर आलेत,” ती म्हणते. तो आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवून म्हणतो, “माझे? शोधून दाखव.”

दुसऱ्या बाया अंबाड्यात फूल खोचतात, ही चिमटा खोचते. बारीक टोकाचा, स्टीलचा. काम आलं की काढायचा, झालं की न बघता परत खोचायचा. कधी कधी तो डोक्यातच असतो आणि ही टेबलाखाली वाकून शोधत असते. तेव्हा पडद्याआडून आवाज येतो, “काखेत कळसा.” पुढचं तो बोलत नाही. बोलला तर हातात येईल ते फेकून मारते, हे त्याला अनुभवानं माहीत आहे.

ती कुठल्या शाळेत हे शिकली नाही. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्या गुडघ्याशी बसून शिकली. बापाची शिकवण अशी की आधी बोट लावावं, मग डोळा लावावा आणि सगळ्यात शेवटी हत्यार. या क्रमानं चालणारा माणूस सावकाश चालतो, पण त्याच्या हातून मोडतोड होत नाही. चिमटाबाईच्या हातूनही झाली नव्हती. एकदाच होता होता राहिली. त्या दिवशी मी तिथंच होतो, पडद्याच्या अलीकडं खुर्चीत, गळ्यात पांढरं फडकं बांधून, समोरच्या आरशात पडद्याच्या फटीतून पलीकडचं सगळं बघत. सांगतो.

सकाळची वेळ. माझं अर्धं डोकं कापून झालं होतं. दारात कानवाले अण्णा आले. अण्णांना आमच्या बाजारात कोण ओळखत नाही! ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात मशीन बसवायचं, त्याचा आवाज लॅपटॉपवरून कमीजास्त करायचा, हा त्यांचा धंदा. पाठीवर पिशवी टाकून गावोगाव फिरतात. जन्म बहिऱ्या माणसांशी बोलण्यात गेल्यामुळं त्यांचा आवाज असा झालाय की त्यांनी कानात गुपित सांगितलं तरी चौकात ऐकू जावं. त्या दिवशी त्यांच्या एका खांद्यावर पिशवी होती आणि दुसऱ्या हाताला धरून त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणतात.

अण्णांची आई लवकर गेली. अक्कानंच त्यांना अंघोळी घातल्या, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. पुढं तिचे कान गेले आणि अण्णा या धंद्यात पडले ते तिच्याचसाठी. पहिलं मशीन त्यांनी तिच्या कानात बसवलं. गावातली बाकीची माणसं नंतर.

“बाई, लॅपटॉप मेलाय,” अण्णा म्हणाले. “आजच्या आज जिवंत करून द्या.”

“बसा आधी,” चिमटाबाई म्हणाली. “घाई काय आहे?”

अण्णांनी अक्काला स्टुलावर बसवलं आणि घाई काय ते सांगितलं. अक्काचा एक डोळा कधीचाच गेलेला. दुसऱ्याचा आतला पडदा सुटत चाललाय, उद्या सकाळी तिला मोठ्या दवाखान्यात दाखल करायचं, ऑपरेशन करायचं. डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवाल तर हाही जाईल. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी, आणि बरेच दिवस पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही. आणि नेमकं अक्काचं कानाचं मशीन दुरुस्त होऊन परत आलं ते कोरं होऊन. लॅपटॉपला जोडून त्यात तिच्या कानाचं माप भरल्याशिवाय ते कानात घालणं आणि खडा घालणं सारखंच.

अक्काला आमचं काही ऐकू येत नव्हतं, पण अण्णांच्या हातवाऱ्यांवरून कशाचं चाललंय ते कळलं असणार. ती म्हणाली, “डोळ्यावर पट्टी आणि कानात बोळा. मग मी जागी आहे का झोपलीय, हे मला कोण सांगणार? ऐकू आलं तर जाईन उद्या. नाहीतर नाही जायची. थोडं धूसर दिसतंय, त्यावर भागवीन.”

तिचा आवाज सपाट होता. तिला तो स्वतःलाच ऐकू येत नव्हता.

माझ्या डोक्यावरची कात्री थांबली होती. नवरा पडदा बाजूला सारून म्हणाला, “अण्णा, नवा लॅपटॉप घ्या की एखादा.”

“घेतलाय. घरी आहे,” अण्णा म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक डबी काढली, जाड वायरीची. “मशीन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये ही डबी लागते. हिला ते जुनं रुंद तोंड लागतं, दोन्ही अंगांना स्क्रू असलेलं. नव्याला ते तोंडच नाही. आणि आतला प्रोग्रॅमही नव्यावर चालत नाही.”

“म्हणजे नवी सून आली, पण सासूचं पान तिच्याशी हलत नाही.”

“तुम्ही केस कापा,” चिमटाबाई पडद्याकडं न बघता म्हणाली, आणि लॅपटॉप उलटा केला. खालचं मॉडेलचं लेबल पिशवीत घासून घासून कोरं झालेलं. “काय झालं होतं नेमकं?”

“चार्जर घातला तरी कधी चालायचं, कधी नाही. पिन वाकडी धरली की चालायचं. मग मी वायरीखाली कागदाची घडी ठेवायला लागलो. मग रबर बांधला. मग एक दिवस जळका वास आला आणि संपलं.”

“बरेच दिवस वाकडी धरत होतात?”

“बरेच महिने.”

“दात दुखला की माणूस दुसऱ्या दिवशी पळतो. आणि हा बिचारा महिनोन्महिने कण्हत होता, तर त्याच्या तोंडात रबर,” ती म्हणाली.

तिनं स्क्रू काढले, एकेक करून झाकणात ठेवले, आणि ज्यात चार्जरचं पोकळ तोंड जातं तो जॅक बोर्डावरून सोडवून बाहेर काढला. काळा पडला होता. आत मधोमध एक बारीक पिन असते, ती जळक्या काडीसारखी दिसत होती. तिनं ती भिंगाखाली धरली आणि जीभ टाळूला लावून आवाज केला. “झिजून काडी झालीय.”

आता या धंद्याची एक रीत आहे. जॅक मेलेला असतो, त्याचं माप घेऊन उपयोग नसतो. चार्जर जिवंत असतो. म्हणून चार्जरच्या तोंडावरून जॅकचं माप काढायचं. सगळे असंच करतात, चिमटाबाईही असंच करत आली. तिनं अण्णांच्या चार्जरचं तोंड भिंगातून बघितलं, बोट लावलं आणि म्हणाली, “जाड पिनेचा पाहिजे.”

वायरीचं दुसरं टोक तोवर अक्काच्या मांडीवर होतं. ती त्यावरून बोटं फिरवत होती. ती म्हणाली, “हे आपलं नव्हे.”

अण्णांना वाटलं पिशवीबद्दल म्हणतेय. ते तिच्या कानाशी वाकून ओरडले, “आपलीच आहे पिशवी, अक्का.” मला खुर्चीत दचकायला झालं. अक्कानं मान हलवली, पुन्हा तेच म्हणाली. पण चिमटाबाईनं तोवर सोल्डरची कांडी तापवायला लावली होती आणि अण्णा तिकडं बघत होते.

जॅक मिळेपर्यंत थांबायला नको म्हणून तिनं बोर्डाला दोन तारा जोडून चार्जरची वीज थेट आत सोडली. दिवा लागला. लॅपटॉपचा पडदा उजळला. अण्णांनी घाईघाईनं डबी जोडली आणि पडदा काळा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उजळायचा, डबी जोडली की मान टाकायचा.

“जीव धरत नाही,” ती म्हणाली. “तारेचा जोड कच्चाच. याला खरा जॅक पाहिजे.”

तिच्याकडं जुन्या जॅकांचा एक जुडगा आहे, तारेच्या कडीत ओवलेला, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. कुठल्याही चार्जरला जोडीदार शोधायचा झाला की ती एकेक लावून बघते. तो सगळा फिरवून झाला. खण उपसून झाले. बाजारातल्या दोन्ही मोबाइलच्या दुकानांत ती जाऊन आली. दोघंही एकच बोलले, मागवून देतो, येईल आठवड्यात. उरला भंगारवाला.

“तू जा रे हिच्याबरोबर, उजेडाला बॅटरी धरायला,” तिचा नवरा मला म्हणाला. “उरलेले केस कुठं पळून जात नाहीत.”

तिनं चार्जर उचलला, मी डोक्याला फडकं गुंडाळून मागं गेलो. रस्त्यात माणसं हसली. हसू दे.

भंगारवाल्याची पत्र्याची खोली वळणापाशी. आत मेलेले लॅपटॉप पाट्यांसारखे एकावर एक रचलेले. तो एका गोणीवर बसून त्यांचे बोर्ड वेगळे करत होता. संध्याकाळी ट्रक येणार होता, सगळं वितळवायला जाणार होतं.

“लोक माझ्याकडं मढी आणून टाकतात,” तो म्हणाला, “आणि तुम्ही येता त्यातून मूत्रपिंड काढायला.”

“बोलू नका, सरका.”

ती खाली बसली. मी बॅटरी धरली. एकेक उघडत गेली. मधेच एक राखाडी लॅपटॉप निघाला, हुबेहूब अण्णांच्या लॅपटॉपसारखा. तिनं त्याचा बोर्ड बाहेर ओढला. जॅकचे पाय तसेच, घाट तसाच. तिनं चार्जरचं तोंड त्यात घातलं. खुळखुळलं. आतली पिन बारीक. “हाही तसाच झिजलेला,” असं म्हणून तिनं तो बोर्ड परत ढिगावर टाकला. पुढं एका काळ्या लॅपटॉपात जाड पिन सापडली. चार्जर आत गेला तो कट्ट आवाज करून, हलेना. चिमटाबाईचा चेहरा असा फुलला की ती आपलं नेहमीचं वाक्यसुद्धा म्हणायची विसरली.

दुकानात येऊन तिनं तो जॅक बोर्डावर टेकवला. पाय जुळेनात. बोर्डाला भोकं एका जागी, याचे पाय दुसऱ्या. तिनं उलटा धरला, आडवा धरला. मग कपाळावरचा घाम पुसून खणातून हातानं फिरवायचं गिरमिट काढलं, दाभणाएवढ्या टोकाचं.

“अण्णा, ऐका,” ती म्हणाली. “मी भोकं जरा सरकवते. पण या बोर्डाच्या पोटात थरावर थर असतात, केसासारख्या वाटा असतात. एक तुटली तर मग हा जोडणारा माणूस कुठंच मिळायचा नाही. गेला तर कायमचा गेला. करू?”

अण्णांनी अक्काकडं बघितलं. अक्का परत आलेली वायर पुन्हा हातात घेऊन बसली होती. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. “करा,” म्हणाले.

पडद्याच्या अलीकडं आम्ही दोघं आरशात बघत होतो. नवऱ्यानं कात्री खाली ठेवली. गिरमिटाचं टोक बोर्डाला टेकलं.

तेवढ्यात अक्का उठली. तिला धड काही दिसत नव्हतं, पण हत्यार चमकलेलं दिसलं असेल. चाचपडत आली आणि आपला तळवा तिनं सरळ बोर्डावर ठेवला.

“आधी माझं ऐका,” ती म्हणाली. “सकाळपासून सांगतेय. ही वायर आपली नव्हे.”

अण्णा काही ओरडणार होते. चिमटाबाईनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

“आपली वायर मऊ होती,” अक्का म्हणाली. “तू रोज कामावरून आलास की ती मीच गुंडाळते. आपली गुंडाळली की मांजरासारखी अंग चोरून बसायची. ही दांडगी आहे. कितीही गुंडाळा, फणा काढते. तू त्या खोकल्याच्या दवाखान्यात गेला होतास, आलास त्या दिवसापासून ही आहे. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू मला विचारलंस, जेवलीस का.”

अण्णा तिच्या हातातल्या वायरीकडं बघायला लागले.

चिमटाबाईनं गिरमिट बाजूला ठेवलं. अक्काच्या हातातली वायर घेतली, बोटांत फिरवली. मग तिनं सकाळचा तो जळका जॅक शोधला, कापसावर स्पिरिट घेऊन त्याची काजळी पुसली. पुसून झाल्यावर भिंगाखाली धरला आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

“झिजलेली नाही,” ती शेवटी म्हणाली. “कडा सरळ आहेत. ही पिन जन्माचीच बारीक आहे.” मग चार्जरच्या पाठीवरचं लेबल तिनं उजेडात वाचलं. “हा लहान मशीनचा चार्जर. याचं भोक मोठं आणि ताकद थोडी. भोक मोठं म्हणून पिनेला नीट लागायचा नाही, ठिणग्या उडायच्या, त्यात जॅक जळला. आणि ताकद थोडी म्हणून डबी जोडली की जीव जायचा. मी तारेच्या जोडाला बोल लावत बसले.” ती अण्णांकडं बघून म्हणाली, “मेलेल्याचं माप जिवंतावरून घेतलं मी. आणि जिवंत होता तो परका.”

पडद्याआडून नवरा हळूच म्हणाला, “बसलं म्हणजे…”

“पुढं बोलायचं नाही,” ती म्हणाली.

तो कात्री पुसायला लागला.

अण्णांना मग आठवलं. त्या दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलाशी बसून ते लोकांचे कान तपासतात. दोघांचे लॅपटॉप भिंतीवरच्या एकाच विजेच्या बोर्डावर लावलेले असतात, दोघांच्या वायरी काळ्या. त्यांनी तिथंच उभं राहून फोन लावला. त्यांच्या आवाजाला फोनची गरज नव्हती.

“माझा चार्जर आहे का तुमच्याकडं?”

फोनमधून कंपाउंडर म्हणाला, “तो तुमचा होय? माझ्या लॅपटॉपात जाईचना तो. मला वाटलं माझाच लॅपटॉप रुसला. शेवटी नवा चार्जर घेतला.”

“आणि तो? टाकला का?”

“टाकतोय कशाला? चांगली वायर आहे. खिडकी आपटते म्हणून बांधलीय.”

“खिडकी आपटू दे. वायर सोडा.”

नवरा सायकल काढून दवाखान्याकडं गेला. मी खुर्चीत अर्ध्या डोक्यानं बसून काय करणार? चिमटाबाईनं चप्पल पायात सरकवली तसा मीही मागं निघालो. ती चालत नव्हती, पळत होती. मला आठवत होतं, तसे पाय असलेला, बारीक पिनेचा जॅक तिनं आपल्या हातानं ढिगावर टाकला होता. तिलाही तेच आठवत असणार, कारण वाटेत तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

वळणावर ट्रक उभा होता. राखाडी-काळे लॅपटॉप दिसेनात. गोण्या शिवून झालेल्या, एकेक वर चढत होती.

“तो राखाडीचा बोर्ड कुठं आहे?” तिनं भंगारवाल्याला विचारलं.

“कुठला राखाडी? सकाळी तुम्हीच भिरकावला ना?”

“मीच उचलायला आले. गोणी सोडा.”

“कुठली सोडू? सगळ्या सारख्या आहेत.”

“मग सगळ्या सोडा.”

ट्रकवाला खाली वाकून बघायला लागला. भंगारवाला कंबरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिला. “बाई, तुमच्यासारखं एक गिऱ्हाईक असलं की माणसाला शत्रू लागत नाही.”

“उद्या एका म्हातारीचा डोळा वाचायचाय,” ती म्हणाली, “आणि तो तुमच्या गोणीत आहे.”

त्याला यातलं काय कळलं देव जाणे. पण त्यानं विळा उचलला आणि पहिल्या गोणीची शिवण टराटरा उसवली. नंतर दुसरी. बोर्ड जमिनीवर सांडले, हिरवे, निळे, पाण्यातल्या शेवाळासारखे. उजेड उतरत चालला होता. मी बॅटरी धरली, तर ती म्हणाली, “नको, डोळ्यानं चुकले मी सकाळी.” तिनं ढिगात हात घातले आणि बोटांनीच शोधायला लागली. कडा चाचपायची, कोपरा चाचपायची, टाकायची. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. भंगारवाल्यानं त्यालाच शिवी घातली.

शेवटच्या गोणीच्या तळाशी तिची बोटं थांबली. तिनं बोर्ड बाहेर काढला, जॅकमध्ये करंगळीचं नख घालून पिन चाचपली. “हा,” एवढंच म्हणाली. मग तिथंच मातीत बसकण मारून तिनं तो पदरानं पुसला.

दुकानात आलो तर नवरा आधीच पोचला होता. टेबलावर वायर होती. मी उचलून बघितली. खरंच मऊ होती, हातात घेताच आपोआप वेटोळं करून बसली. तिच्यावर अजून खिडकीच्या रंगाचे कपचे होते.

चिमटाबाईनं राखाडीच्या बोर्डावरून जॅक उतरवला. अंबाड्यातून चिमटा काढला. अण्णांच्या बोर्डावरची भोकं साफ केली आणि जॅक वर ठेवला. पाय आपल्या आपण आत गेले, सवयीच्या घरात माणूस अंधारात चालत जावा तसे. कथील तापलं, क्षणभर पाण्यासारखं लकाकलं, आणि पायाभोवती गोठून शांत झालं. निळा धूर सरळ वर गेला. तिनं मऊ वायरीचं तोंड आत घातलं. आवाज आला नाही. तिनं ओढून बघितलं, हलवून बघितलं, वास घेतला. बटण दाबायची कुणाला परवानगी नव्हती. ती आपली बोट लावून बसून राहिली, तापतंय का बघत. आम्ही सगळे उभे.

“आता लावा,” ती म्हणाली.

दिवा लागला. पडदा उजळला. अण्णांनी डबी जोडली. घाईत त्यांना स्क्रू बसेना, तो तिनंच बसवून दिला. पडदा उजळलेलाच राहिला. अण्णांनी अक्काच्या कानात मशीन घातलं आणि लॅपटॉपवर रेघा वर-खाली करायला लागले. एकेक रेघ सरकवायचे, तिच्या तोंडाकडं बघायचे. नवऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला खुर्चीत ढकललं आणि माझं उरलेलं डोकं कापायला घेतलं. त्याला हात रिकामा ठेवून उभं राहवत नसावं.

अक्का एकाएकी वळली. पडद्याकडं बोट करून म्हणाली, “कात्री कोण वाजवतंय?”

कात्री थांबली.

“वाजवा की,” ती म्हणाली. “मी काय बंद करा म्हटलं?”

अण्णा खाली वाकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अक्का, माझं ऐकू येतंय का?” दुकानातल्या बाटल्या हलल्या.

“ओरडतोस कशाला बैलासारखा? मी काय बहिरी आहे?” अक्का म्हणाली, आणि हसली. तिचा आवाज सपाट राहिला नव्हता, त्याला चढउतार आले होते. मग ती म्हणाली, “उद्या सकाळी लवकर उठव मला. पिशवी भरायचीय.”

अण्णा खुर्ची शोधत खाली बसले. त्यांना बसायला मिळालं ते झाडून गोळा केलेल्या केसांच्या पाटीशेजारी, जमिनीवर. कुणी हसलं नाही. नवरा चहा आणायला गेला आणि सगळ्यांना चहा मिळाला. मला माझ्या कापलेल्या डोक्यासकट.

चिमटाबाईनं लॅपटॉपचे स्क्रू परत बसवले, वायर अक्काच्या हातात दिली. अक्कानं ती न बघता गुंडाळली.

“अक्का,” चिमटाबाई म्हणाली, “तुम्ही सकाळीच म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.”

“पुढच्या वेळी असं कुणी ऐकलं नाही ना, तर सरळ हात आडवा घालायचा. आज घातलात तसा.”

“बोर्ड वाचला म्हणायचा.”

“बोर्ड तुमचा वाचला,” चिमटाबाई म्हणाली. “माझा हात वाचला.”

तिचे गुडघे मातीनं भरले होते, पाय दिवसभर पळून दुखत होते. दुकान आवरायचं काम नवऱ्यावर टाकून ती घरी निघाली. ती पायरी उतरली आणि चपला वाजवत बाजाराच्या रस्त्यानं चालायला लागली. दुकानं मिटत होती, एकेका दारातला उजेड आत ओढला जात होता. आम्ही चौघं पायरीवर उभे होतो. अण्णा, मी, हातात झाडू घेऊन तिचा नवरा, आणि एका बाजूला अक्का. अंबाड्यातला चिमटा दोनदा चमकला. मग ती गर्दीत मिसळली, वळणाकडं गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही आत वळलो.

अक्का जागची हलली नाही. तिला तर पायरीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मान तिरपी करून, मशीनवर बोट ठेवून ती रस्त्याकडं तोंड करून उभी होती.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “अजून जातेय ती.”